मिठाने किरणोत्सर्ग उतरत नाही

“अणुस्फोट झाला की आयोडीनचं मीठ भरपूर खा, गळ्याला बीटाडीन लावा, दूध चांगलं उकळा, किरणोत्सर्ग बाधणार नाही.” या निरोपातली बीटाडीनची मात्रा जुनीच आहे. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघातानंतर ती बीबीसीच्या नावावर आशियाभर मोबाइलवर फिरली होती. त्याच दिवसांत चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडाली.

मिठाचा हिशेबच मांडू. अणुदुर्घटनेत थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी वाचवायला पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतात. प्रौढांच्या गोळीत १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्याकडे ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम. एका गोळीची बरोबरी करायला साडेसहा किलोहून जास्त मीठ लागेल! किरणोत्सर्ग राहिला बाजूला, मिठानेच जीव जाईल.

बीटाडीनमधलं आयोडीन कातडीतून पुरेसं आत जात नाही. आणि प्यायचं तर मुळीच नाही.

दुधाचा सल्ला सर्वांत घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो. उकळल्याने जंतू मरतात, किरणोत्सारी अणू तसेच राहतात. २६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंच्या पोटातून दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेलं. पोलंडने तीन दिवसांत मुलांना आयोडीनचं द्रावण पाजायला सुरुवात केली, ताज्या दुधावर बंधनं घातली. बेलारूस-युक्रेनच्या खेड्यांत मुलं तेच दूध पीत राहिली. पुढे थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण निघाले. या आयोडीनचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, म्हणजे दर ८ दिवसांनी ते निम्मं उरतं. म्हणून त्या दुधाची पावडर करून काही महिने ठेवली तर आयोडीनचा धोका जवळजवळ संपतो. कितीही उकळा, तो तसूभर कमी होत नाही.

आता “किरणोत्सर्ग बाधणार नाही” हा दावा. आयोडीन फक्त थायरॉइड वाचवतं, तेही फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून. बाकीच्या किरणोत्सारी पदार्थांपैकी स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखं हाडांत शिरतं. सीझियम-१३७ पोटॅशियमच्या वाटेने स्नायूंत जातं. जमिनीत त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, पण मोठ्या माणसाचं शरीर त्यातलं निम्मं साधारण तीन महिन्यांत बाहेर टाकतं. त्यावर औषध आहे, प्रशियन ब्लू. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ला सीझियम-१३७ बाधलेल्या रुग्णांना तेच दिलं होतं. चेर्नोबिलनंतर नॉर्वेत जनावरांना मीठ चाटवलं खरं, पण त्यात हेच औषध मिसळलेलं होतं.

पोटॅशियम आयोडाइडची गोळी मात्र थायरॉइडसाठी खरोखर चालते. ती किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याच्या थोडी आधी किंवा नंतरच्या काही तासांत, प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची. उशीर झाला की उपयोग झपाट्याने घटतो. आधी लहान मुलं, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आया. चाळिशी उलटलेल्यांना सहसा गरज नसते.