बँकर का लावला नाही?

“काका, रुमाल काढून ठेवा हां.”

परवा पुण्याहून मुंबईला येताना, लोणावळा सुटता सुटता, समोरच्या बाकावरच्या मुलीनं मला हे सांगितलं. ओळख ना पाळख. माझ्या फोनवर ‘द बॅड बॅच’च्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग, ‘प्लॅन ९९’, चालू होता. ती बाटली घ्यायला उठली आणि तिला पडदा दिसला. “प्लॅन ९९ ना? टेकवाला?” म्हणत तिनं छातीवर हात ठेवला. झालं. हा शेवट कळू नये म्हणून मी मित्रांशी बोलणं टाळलं होतं, जेवणाच्या ताटावर पोराला गप्प केलं होतं. ते सगळं बाटलीचं झाकण लावेपर्यंत संपलं. वर ‘काका’ ते काका.

ही स्टार वॉर्सच्या विश्वातली ॲनिमेशन मालिका. क्लोन सैनिकांची एक जरा वेगळी निपजलेली तुकडी, सगळे एकमेकांचे भाऊ. त्यातला क्रॉसहेअर साम्राज्याच्या कैदेत. त्याला कुठे डांबलंय याचा माग काढायला बाकीचे एरियाडू ग्रहावर, थेट साम्राज्याचा गव्हर्नर टार्किन याच्या गडात घुसतात. बेत फसतो. पळताना ते डोंगरदऱ्यांवरून जाणाऱ्या, रुळाला वरून टांगलेल्या गाडीत सापडतात. आणि टेक म्हणजे त्यांच्यातला चष्मेवाला. कुणी घाबरून काही विचारलं तर धीर देण्याऐवजी आकडे सांगणारा. अशी माणसं मला फार आवडतात. ती लग्नात नाचत नाहीत, पण केटररचं बिल तपासतात.

एवढ्यात खिडकीजवळचे गृहस्थ वळले. सफारी, मांडीवर पिशवी, कानात अत्तराचा फाया.

“काय बघताय?”

“कार्टून,” मी तुटकपणे म्हणालो. या उत्तरानं साठीपुढची माणसं सहसा गप्प होतात.

“एक द्या,” म्हणून त्यांनी तळहात पुढे केला. मला वाटलं गोळी-बिळी मागताहेत. त्यांना माझा इअरबड हवा होता. मी का दिला, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनी कानातला फाया काढून रुमालाच्या घडीत ठेवला, इअरबडवर फुंकर मारली आणि तो कानात सारला. डाव्या बाजूनं मला अजून हिना ऐकू येतो.

पडद्यावर गाडी बंद पडली. विमानांचा मारा सुरू झाला. मागचा डबा रुळावरून सुटून दरीत लोंबायला लागला आणि टेक त्या डब्यावर. माझ्या घशात काहीतरी यायला लागलं होतं.

“मागं बँकर नाही?” सफारीवाले काका म्हणाले.

“काय?”

“बँकर. मागचं इंजिन. घाट आहे ना हा? मी रेल्वेत होतो. कर्जतहून वर चढताना आम्ही मागं इंजिनं लावतो. सदतीसला एक असा चढ आहे इथला. यांचा तर त्याहून वाईट दिसतोय. कोणी सोडली ही गाडी?”

मी म्हटलं, “काका, ते शत्रूच्या हद्दीत आहेत. चोरून गाडी घेतलीय.”

“चोरली म्हणून ब्रेक तपासायचे नाहीत?”

नियतीची थट्टा बघा, नेमकी आमचीच गाडी मंकी हिलला थांबली. उतरणीला लागण्याआधी इथे ब्रेक तपासतात. काकांनी खिडकीबाहेर असं बोट दाखवलं, जणू मध्य रेल्वेनं त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला गाडी थांबवली होती. “हे असं! आणि त्यातूनही गाडी सुटलीच, तर कॅच सायडिंग असतं. गाडी नीट थांबल्याशिवाय पॉइंट, म्हणजे रुळांचा सांधा, मेन लाइनला लागतच नाही, सुटलेली गाडी बाजूला चढावर जाते. यांच्याकडे कॅच सायडिंग कुठाय? मागं घ्या जरा.”

मी मागं घेतलं. माणूस मरायच्या बेतात असताना आम्ही कॅच सायडिंग शोधलं.

मग टेकनं हिशेब केला. लोंबणारा डबा सगळ्यांनाच खाली ओढणार. त्यानं बंदूक उचलली, डब्याचा जोड उडवला आणि ढगांत गेला. ना भाषण, ना संगीतावर रेंगाळणं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, तर तिथे काका.

“कपलिंग गोळीनं तुटत नाही,” ते म्हणाले. “मी उघडलीयेत ना या हातांनी.”

मुलगी इतका वेळ ओठ आवळून बसली होती. ती आता पुढे सरकली. “काका, तो मेलेला नाहीये.”

आम्ही दोघंही काका, त्यामुळे दोघांनीही बघितलं.

मग तिनं पुरावे मांडले. याच तुकडीतला तिचा एको म्हणे ‘क्लोन वॉर्स’ या आधीच्या मालिकेत २०११ साली सिटाडेलच्या कैदखान्यातून एका जेडाय योद्ध्याला सोडवायला गेला आणि स्फोटात गेला. सगळे रडले. २०२० मध्ये तोच स्काको मायनर ग्रहावर यंत्राला जोडलेला जिवंत सापडला. मॉल या खलनायकाचे तर १९९९च्या सिनेमात सरळ दोन तुकडे केले होते, तो २०१२ मध्ये मालिकेत अर्ध्या अंगाला यंत्राचे पाय लावून हजर. “बॉडी दिसली का टेकची? फक्त गॉगल दिसला.”

“सिटाडेलला गेले कसे?” काकांनी मध्येच विचारलं.

“कार्बोनाइटमध्ये गोठवून. जिवंत माणसं टिपणारे स्कॅनर होते ना.”

“पार्सलनं,” काका माझ्याकडे वळून म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर या मालिकेबद्दल आदर दिसला.

मुलगी थांबायला तयार नव्हती. तिसऱ्या सीझनमध्ये एक मुखवटेवाला मारेकरी येतो, तो म्हणजे टेकच, असं तिच्यासकट निम्म्या दुनियेनं ठरवून टाकलं होतं. चालण्याची ढब जुळवली, उंची जुळवली. दर आठवड्याला वाट बघायची. शेवटचा भाग १ मे २०२४ ला आला, महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून तिनं लगेच बघितला. टेक आला नाही. म्हणजे माझा तिसरा सीझनही जांब्रुंग स्टेशन यायच्या आत उरकला.

इथे मला खरोखर राग आला. त्या पोरीचाही नाही तेवढा. एकदा दोनदा मेलेले परत आणले की बघणाऱ्याला रडायची सोयच उरत नाही. लिहिणाऱ्यांनी या वेळी शब्द पाळला, मेला तो मेला, तर लोक तेरावं घालायला तयार नाहीत. सगळ्या तुकडीत हिशेबाला पक्का हा एकटा, त्यानं स्वतःच्या जिवाची वजाबाकी करून दाखवली, आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांनाच ती मान्य नाही. मला त्याच्यासाठी पाच मिनिटं गप्प बसायचं होतं, इतकंच. कर्जतचा वडासुद्धा नको होता. (घेतला. तो भाग वेगळा.)

मी हे सगळं, जरा सौम्य भाषेत, बोलून दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं, इअरबड काढून माझ्या हातात ठेवला, फाया पुन्हा जागेवर बसवला.

“तसं नसतं साहेब. बेपत्ता माणसाला सात वर्षं मेला म्हणता येत नाही, कायदाच आहे. आमच्याकडे पेन्शनच्या केसेस अडायच्या त्यावर. कधी पडला म्हणालीस गं हा?”

“२९ मार्च २०२३.”

“आणि तो आधीचा, एको? नऊ वर्षांनी आला? त्याचं तर सगळं बंद झालं असेल.”

“नाही हो, कथेत एवढी वर्षं गेली नाहीत.”

“मग ठीक आहे.” त्यांनी बोटांवर मोजलं. “मार्च २०३०. तोवर जिवंतच धरायचा.”

“बघा!” मुलगी मला म्हणाली, आणि त्या दोघांनी पुढची सगळी चर्चा माझ्या डोक्यावरून केली.