‘त्या काळी सगळीकडे तसंच होतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(वयाने मोठे आहात असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते.) अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एकोणिसाव्या शतकात काउंटी पुअरहाउसं होती, म्हणजे काउंटीने (जिल्ह्याने) निराधारांना ठेवण्यासाठी चालवलेली घरं. ती जाणूनबुजून कठोर ठेवली होती, असं मी लिहिलं. तो लेख तुम्हाला एकांगी वाटला. तुमचं म्हणणं असं, की मी तो काळ आजच्या चष्म्यातून पाहते. तेव्हा बाहेरचा गरीबही तसाच राहत होता. आत निदान छप्पर, बटाटे, दूध होतं. आणि त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनमध्ये माणसं दुष्काळाने मरत होती.

जेवणाचं तुमचं म्हणणं मला पटलं. बहुतेक पुअरहाउसांना जोडून शेत असायचं, गुरं असायची. शहरातल्या कोंदट खोलीत उपाशी पडलेल्या बिऱ्हाडापेक्षा तिथलं ताट कधी कधी बरं असणार. शिवाय ही घरं सुधारणा म्हणून उभी राहिली, हे मी सांगायला हवं होतं. त्याआधी कित्येक गावांत गरिबांचा लिलाव व्हायचा, तोही उलटा: जो सगळ्यांत कमी पैशांत सांभाळायला तयार, त्याच्या घरी ती म्हातारी किंवा ते पोर जायचं. राज्याचे सचिव जॉन येट्स यांनी १८२४ साली हे हाल अहवालात मांडले आणि त्याच वर्षी काउंटी पुअरहाउसचा कायदा झाला.

पण चष्म्याचा मुद्दा मला मान्य नाही. त्याच काळातल्या माणसांनी काय पाहिलं ते बघा. मनोरुग्णांसाठी झटणाऱ्या समाजसुधारक डोरोथिया डिक्स यांनी राज्यातली ही घरं पालथी घालून १८४४ साली विधिमंडळाला निवेदन दिलं. १८५७ साली सिनेटच्याच समितीने अहवालात लिहिलं, की यांतल्या काही ठिकाणच्या माणसांपेक्षा पाळीव जनावरांची व्यवस्था अधिक माणुसकीने ठेवलेली असते. ही शेतकऱ्यांच्या राज्यातली माणसं होती, काका. गोठा कसा असतो हे त्यांना नीट माहीत होतं.

एकाच छपराखाली म्हातारे, अनाथ मुलं, बाळंतपणाला आलेल्या निराधार बायका, आंधळे, मनोरुग्ण. मनोरुग्णांचे हाल सगळ्यांत वाईट. १८६० च्या दशकात डॉ. सिल्व्हेस्टर विलार्ड यांनी पाहणी केली, तेव्हा पुअरहाउसांत असे १३०० हून अधिक रुग्ण निघाले. त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालय उभं राहिलं आणि १८६९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पहिली बाई आली, ती साखळदंडात. कोलंबिया काउंटीच्या पुअरहाउसात ती दहा वर्षं कोठडीत बांधलेली होती, अंथरुणाशिवाय, कपड्यांशिवाय. बाहेरच्या कुठल्या गरिबाशी तिची तुलना करायची? मुलांना या घरांतून बाहेर काढायचा कायदा व्हायला तर १८७५ साल उजाडलं.

हे पैशांच्या चणचणीमुळे झालं असतं, तर मी तुमच्याशी भांडले नसते. पण आत इतकं कठीण असावं की धडधाकट माणसाने उंबऱ्याशी येऊ नये, हा विचार इंग्लंडच्या १८३४ च्या कायद्यात स्पष्ट होता आणि अमेरिकेतही तोच मुरला होता. दरवर्षी राज्याकडे हिशेब जायचा: माणसं किती, मेली किती, दर आठवड्याला माणशी खर्च किती. खर्च कमी, तर कारभार चांगला. मग काही काउंट्यांमध्ये डॉक्टरही सगळ्यांत कमी बोलीवर नेमला गेला. म्हणजे लिलाव बंद झालाच नव्हता, फक्त बोली लावणारा बदलला.

आणि दख्खनचा दुष्काळ तुम्ही काढलात, ते बरंच केलंत. १८७७ साली ब्रिटिश सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मदत फार सोसवेल अशी झाली तर लोक गरज नसताना येतील, हीच भीती. लोक कामं सोडून निघाले, पुणे सार्वजनिक सभेने सरकारला लिहिलं. आपल्याकडच्या उपाशी माणसाला आणि तिकडच्या कोठडीतल्या बाईला मी एकमेकांसमोर तराजूत कशी घालू? दोघांचं माप एकाच विचाराने कापलं होतं.

लेखातला जेवणाचा परिच्छेद आज बदलला आहे. लिलावाची माहितीही घातली आहे. ‘सगळी पुअरहाउसं’ होतं तिथे ‘अनेक’ केलं आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द तसाच ठेवला आहे.