हाफकिनला एका ओळीत गुंडाळू नका

आज घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन बघायला गेले आणि डोकं फिरवून घरी आले. भिंतीवर तक्ता: शास्त्रज्ञ, शोध, साल. सातवीतली एक मुलगी घडाघडा म्हणून दाखवत होती, "हाफकिन, प्लेगची लस, १८९७." मी विचारलं, "पहिली सुई कोणाला टोचली गं?" ती बाईंकडे बघायला लागली. बाई म्हणाल्या, "तेवढं पोर्शनमध्ये नाहीये."

अहो, तेवढंच तर सांगायचं असतं!

माझी आजी कळव्याची. तिच्या सासूने प्लेग पाहिलेला. "घरात उंदीर पडला की चूल तशीच टाकून माणसं रानात झोपड्या बांधून राहायची," आजी सांगायची आणि आम्ही भावंडं ताटावर हात वाळवत बसायचो. साल तिला माहीत नव्हतं.

त्या भीतीत हा माणूस उभा करून बघा. १८९६ ची मुंबई, ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेली जेमतेम जागा, हाताखाली मोजकी माणसं. तीनेक महिन्यांत लस तयार आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःच्या अंगात! अंगात ताप भरला, तो सोसला. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी आपणहून पुढे आले.

पुढचं तर कोणी बोलतच नाही. १९०२ साली पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर, काम हातातून गेलं. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे पाठीशी उभे राहिले तेव्हा १९०७ मध्ये कुठे तो डाग पुसला. आज परळच्या संस्थेला त्याचं नाव आहे.

मान्य, वर्गात साठ पोरं असतात, पोर्शन संपवायचा असतो. पण ही गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरतात हो.

आजीच्या सासूने लस घेतली नव्हती. टोचलं की माणूस मरतं, असं गावात पसरलं होतं म्हणे. २०२१ मध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हेच फिरत होतं, तेव्हा मला आजीच आठवली. हाफकिनची गोष्ट ऐकत वाढलेली माणसं असती तर चार जण तरी लवकर रांगेत उभे राहिले असते.

लिहिता लिहिता बाईंवरचा राग गेला. त्यांना तरी कोणी कधी सांगितलं असणार?

आपण गडकरी रंगायतनला ऐतिहासिक नाटक बघून डोळे पुसत बाहेर पडणारी माणसं. मग हाफकिनवर एक नाटक होऊ दे ना, शाळेच्या पोरांना घेऊन! कोणी लिहिणार असेल तर सांगा. तालमीसाठी सोसायटीचा हॉल मी मिळवून देते, आणि आजीच्या सगळ्या आठवणीही लिहून देते.