सोलर ‘पूर्ण फुकट’वाल्या मेसेजबद्दल खुलासा

‘छतावर 3 किलोवॅट सोलर सगळ्यांना फुकट, लिंकवर 500 रुपये भरा’ हा मेसेज आमच्या सिडकोतल्या ग्रुपवर फिरतोय. परवा मीही तो न वाचताच पुढे ढकलला, चूक माझीच. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत केंद्राचं अनुदान मिळतं: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000. म्हणजे जास्तीत जास्त 78,000. त्यापुढे कितीही पॅनल लावा, आकडा तोच. पैसे आधी नाही, पॅनल बसून, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) लागून, तपासणी झाल्यावर थेट खात्यात येतात. शेजारच्या काकांचं पासबुक काल पाहिलं, बरोब्बर 78,000. वरचा खर्च त्यांनीच केला. अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवरच करा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.