दशांश दिला म्हणून हिशोब मिटत नाही

सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू, असं विचारणाऱ्या श्रीमंत तरुणाला येशूने ‘जे आहे ते विकून गोरगरिबांना दे’ असं सांगितलं. मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय की ही आज्ञा त्या तरुणापुरतीच होती. आपण नेमाने दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चर्चला द्यावा आणि निश्चिंत असावं, असंही त्यात आहे. पहिली गोष्ट मला मान्य आहे. जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धंच धन द्यायचं कबूल केलं, तरी ‘आज या घराला तारण मिळालं’ असं येशू म्हणाला. पण ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देईन, हेही जक्कय त्याच दमात म्हणाला होता. ते लेखात कुठेच नाही!

त्या तरुणाला आज्ञांची आठवण देताना येशू ‘ठकवू नको’ असंही सांगतो. हे फक्त मार्काच्या शुभवर्तमानात आहे (१०:१९), मत्तय-लूकच्या नाही.

आपल्या खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचा, म्हणजे सालाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा, हिशोब होतो. उचल, आजारपणातले खाडे, लेकीच्या लग्नाला घेतलेले पैसे, सगळं मालकाच्या वहीत. शेवटी बाकी निघते ती सालदाराच्याच अंगावर, आणि तो पुढचं सालही त्याच दारात राबतो. असा मालक आपल्या चर्चच्या मंडळीतला असेल तर त्याच्या दशांशाचं काय करायचं? याकोबाच्या पत्रात (५:४) शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते.

सार्वकालिक जीवन विकत मिळत नाही, ते देवाचं दान आहे, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच पाळकांनी आखाजीच्या आधीच्या रविवारी याकोबाचा हा भाग वाचावा, मालक आणि सालदार दोघंही बाकावर बसलेले असताना.