यंत्रे आणि रोजगार : होतकरू व्याख्यात्यांना काही सूचना

यंत्रांमुळे रोजगार कधीच घटत नाही, उलट वाढतो, हे गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीत एका पाहुण्या व्याख्यात्यांनी सविस्तर समजावून सांगितले आणि नुकतेच घरी पाठवलेल्या मुद्रितशोधकांच्या खुर्च्यांवर बसून आम्ही ते ऐकले. आपल्यालाही असे व्याख्यान द्यावयाचे असल्यास पुढील सूचना उपयोगी पडाव्यात.

आरंभ इंग्लंडमधील लडाइटांपासून, म्हणजे यंत्रे मोडणाऱ्या कामगारांपासून करावा आणि त्यांना अडाणी म्हणावे. ते कसबी कारागीर होते आणि मोजे विणण्याची यंत्रे मोडणाऱ्यास फाशी देण्याचा कायदा तिथल्या संसदेने १८१२ साली केला, हे सांगत बसू नये.

कोणी आकडे विचारले, तर ‘दीर्घकाळात’ एवढेच म्हणावे.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचा दाखला अवश्य द्यावा, मात्र आवृत्ती जपून निवडावी. आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथाच्या १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत या गृहस्थाने यंत्रांवर एक नवे प्रकरण घातले आणि यंत्रांपासून सर्वच वर्गांचा फायदा होतो हे आपले आधीचे मत चुकीचे होते, असे स्वच्छ लिहिले. पुढे हिशेबही मांडला. मालकाचे भांडवल वीस हजार पौंड. सात हजार इमारती-अवजारांत, तेरा हजार मजुरीत. एक वर्ष त्याने निम्मे मजूर यंत्र बांधण्यास लावले. साडेसात हजारांचे यंत्र उभे राहिले आणि उरलेल्या मजुरांनी साडेसात हजारांचाच जीवनावश्यक माल काढला. त्यातून मालकाच्या नफ्याचे दोन हजार वजा केले की पुढच्या वर्षीच्या मजुरीसाठी राहतात साडेपाच हजार. भांडवल पूर्वीइतकेच वीस हजार, नफा तोच दोन हजार, मालकाच्या वहीत काहीच बिघडलेले नाही. मजुरी तेवढी निम्म्याहून खाली! ही बेरीज चौथीतल्या मुलालाही जमते, म्हणूनच ती पडद्यावर दाखवू नये.

गणितज्ञांपासून तर दूरच राहावे. केंब्रिजच्या विल्यम व्ह्यूएलने १८२९ मध्ये अर्थशास्त्रातले सिद्धान्त बीजगणितात मांडले आणि १८३८ मध्ये टोझरने यंत्रांचा समाजाच्या संपत्तीवर व मजुरीच्या निधीवर होणारा परिणाम त्याच रीतीने तपासला. समीकरण लिहायचे म्हणजे काय गृहीत धरले तेही लिहावे लागते, आणि व्याख्यान तिथेच अडते.

आता सरळच बोलतो. यंत्रांवर बंदी घाला, असे रिकार्डोही म्हणत नव्हता. यंत्रे सहसा हळूहळू आणि साठवलेल्या भांडवलातून येतात, हेही त्याने नोंदवले आहे. पण शेअरबाजारात गब्बर झालेल्या त्या माणसाला आपले मत छापील पुस्तकात मागे घेताना लाज वाटली नाही, आणि तुम्हाला दोनशे वर्षांपूर्वीचे एक प्रकरण वाचायचा कंटाळा येतो! नवी कामे येतील म्हणता, तर ती कोणती, कोणत्या शहरात, किती पगाराची आणि पन्नाशीतल्या मुद्रितशोधकाला ती कोणाच्या खर्चाने शिकवणार, हे कागदावर लिहून आणा. ते जमत नसेल, तर मानधन परत करा आणि पुन्हा येऊ नका.