चाल बाडेनची, शब्द व्हिनीसियसचे? हिशोब इतका सरळ नाही

ब्राझीलच्या गाण्यांचा विषय निघाला की एक दावा हमखास कानावर पडतो. गिटारवादक बाडेन पॉवेल हा खरा कलावंत आणि कवी-गायक व्हिनीसियस द मोराइस हा व्हिस्कीबाज राजदूत. बाडेनने ईशान्य ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातल्या देवस्थानांची गाणी गिटारवर उचलली, व्हिनीसियसनं वरून शब्द टाकले. पुढे तरुण गिटारवादक टोकिन्योला साथीला बसवून म्हातारपण गाजवलं.

(हा बाडेन पॉवेल स्काउटवाला नव्हे. पण नाव त्याच्यावरूनच ठेवलेलं. वडिलांना स्काउटचं भारी वेड.)

व्हिस्कीचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. १९६२ मध्ये दोघांची गाठ पडली आणि रिओतल्या व्हिनीसियसच्या घरी जवळजवळ तीन महिने बाटल्या आणि गिटार अशी बैठक चालली. तिथला एक किस्सा नेहमी सांगतात. बाडेन एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवतोय, व्हिनीसियस शब्द द्यायचं नाव घेईना. फारच मागे लागल्यावर म्हणाला, ही तुझी नाही, शोपँची (पियानोसाठी लिहिणारा जुना युरोपीय संगीतकार) आहे. बाडेन भडकला. मग व्हिनीसियसच्या पियानो जाणणाऱ्या बायकोला झोपेतून उठवलं. तिनं ऐकून सांगितलं, शोपँची नाही. ‘मग शोपँ ही लिहायची विसरला,’ म्हणत स्वारी शब्द लिहायला बसली. ते गाणं म्हणजे ‘सांबा एम प्रेलूडियो’. त्यात शेवटी दोन चाली एकाच वेळी गातात. किस्सा तोंडोतोंडी फुगलाही असेल, पण पेला हातात असताना माणसाचा कान किती जागा होता ते त्यातून कळतं.

देवस्थानांच्या गाण्यांचा आरोप अर्धवट. बाहियाहून एका मित्रानं कांदोम्ब्ले (आफ्रिकी मुळांचा तिथला धर्म) आणि तिथल्या सांब्यांची तबकडी दिली, दोघं तिच्या नादी लागले, बाडेन स्वतः बाहियात जाऊन ऐकून आला. हे कुणी लपवलेलं नाही. पण ऐकणं वेगळं, उचलणं वेगळं. बेरिंबाऊ हे वाद्य घ्या: वाकवलेली काठी, एक तार, खाली वाळका भोपळा. तारेला नाणं टेकवलं की सूर थोडा चढतो, काढलं की उतरतो. हा दोन सुरांचा झोका बाडेनने गिटारच्या सहा तारांवर आणला. ‘कांतो द ओसान्या’ या गाण्यात वनस्पतींचा देव आहे, पण चाल नवी आहे. गिटारचा खर्ज पायरी-पायरीनं उतरत जातो आणि त्यावर ‘देतो म्हणणारा देत नाही’ अशा अर्थाचे आखूड, तुटक शब्द नेमके बसतात. मग ‘जा, जा’ असा जोर, आणि लगेच ‘नाही जाणार’. या शब्दांशिवाय ती चाल गुणगुणून बघा, लंगडी वाटेल. १९६६ च्या ‘ओस आफ्रो-सांबास’ या तबकडीत हे गाणं आहे, संगीतकार गेरा-पेशे याच्या वाद्यरचनेसह.

राजदूत? व्हिनीसियस मुत्सद्दी सेवेत होता. लष्करी राजवटीनं १९६९ मध्ये त्याला सक्तीनं घरी बसवलं. राजदूताचा हुद्दा मिळाला तो २०१० मध्ये, मरणोत्तर.

आता टोकिन्यो. १९७० मध्ये तो आला तेव्हा जेमतेम चोविशीचा, पण साथीदार म्हणून मान खाली घालून बसणारा नव्हता. ‘तार्द एम इतापुआं’ची कविता व्हिनीसियसनं बाहियाचा ज्येष्ठ गायक-गीतकार दोरिवाल काइमी याच्यासाठी राखून ठेवली होती. पोरानं ती उचलली, चाल लावली आणि ऐकवली. कवीला ती पटली आणि काइमीची वाट बघणं संपलं. म्हणजे बाडेनकडे बहुधा चाल आधी, इथे शब्द आधी. ‘वरून शब्द टाकले’ हे मग कुठं बसवायचं?

९ जुलै १९८० ला व्हिनीसियस गेला. आदल्या रात्री टोकिन्यो त्याच्याच घरी होता. मुलांच्या गाण्यांचं काम चाललं होतं. १९८३ मध्ये टोकिन्योचं ‘आक्वारेला’ गाजलं. त्यातला एक धागा दोघांच्या १९७४ च्या गाण्यातला, म्हणून श्रेयात व्हिनीसियसचंही नाव आहे.